उंच बोनटची जीप आणि इंजिनाचा सवाल

आमच्या लहानपणी आमच्या झरी गावात गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. एसटीचा आवाज वेगळा, ट्रकचा वेगळा, आणि जीप तर शिवारातून येतानाच ओळखू यायची. साहेबाची जीप आहे की कुणा बागायतदाराची, यावर पोरं पैजा लावायची. बीडीओची जीप पेट्रोलची, तिचा आवाज भरदार आणि गोल. पुढं डिझेलच्या जीपा आल्या तेव्हा कानांना नवा खडखडाट मिळाला आणि पैजा आणखी रंगल्या. आज परभणी-जिंतूर रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. दिवसभर गाड्यांची रीघ असते, पण कानावर येतो तो टायरचा आवाज. इंजिन कोणतं हे आवाजावरून सांगणारं पोरगं आता गावात सापडायचं नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. सगळी इंजिनं सारखीच गप्प झाली आहेत.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या गोठ्याशेजारी पडून असलेली १९६८ सालची जीप. काकांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. यंदा पुतण्यानं ती नव्यानं उभी करायचं मनावर घेतलं. चेसिस ठणठणीत, पत्रा बऱ्यापैकी, इंजिन मात्र जाम. घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की इंजिन कोणतं टाकायचं? प्रत्येकाचं मत वेगळं. मला गंमत वाटली ती प्रश्नाचीच. काकांच्या सुरुवातीच्या दिवसांत इंजिन कुणी निवडत नसे. गाडीबरोबर जे आलं ते आपलं, आणि ते दगावलं तर मिस्त्री जे म्हणेल ते.

त्या काळी जीप म्हणजे एकच चेहरा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीनं घडवलेल्या गाडीची पुढची पिढी महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत माझगावला जोडायला घेतली. आमच्या भागात जास्त दिसायची ती सीजे-३बी. तिची खूण उंच बोनट. आज जुन्या जीपांचे शौकीन याच बोनटवर जीव टाकतात, पण ते काही शोभेसाठी उंच केलेलं नाही. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असायचे. विलिसनं पन्नासच्या दशकात या गाडीत ‘हरिकेन’ इंजिन बसवलं. क्षमता तीच, २१९९ सीसी, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून बोनट वर उचलावं लागलं. गाडीचा चेहरा इंजिनानं ठरवला तो असा. अमेरिकेत ही गाडी साठच्या दशकातच मागं पडली, महिंद्रानं मात्र ती पुढंही बरीच वर्षं बनवली.

झरीच्या रस्त्यावर या जीपा सरकारी कामानं यायच्या. पंचायत समितीची जीप, बांधकाम खात्याची, येलदरी धरणाकडं जाणारी पाटबंधाऱ्यांची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायची कामं निघाली, तेव्हा हजेरी तपासायला येणारा साहेब जीपमधूनच उतरायचा. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ झालं आणि बियाण्याची, खताची माहिती सांगणारी माणसंही जीपमधूनच गावोगाव हिंडू लागली. पेट्रोल सरकारी होतं. लिटरला सात-आठ किलोमीटर गेली काय आणि कमी गेली काय, चालकाला त्याचं सोयरसुतक नसे. काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर, जुलैच्या चिखलात, चारही चाकं जुंपून ती पुढं सरकते आहे एवढं पुरे होतं.

त्या पेट्रोल इंजिनाची मिजास सांभाळणं ही वेगळीच विद्या. सकाळी बॅटरीनं मान टाकली की समोरून हँडल मारायचं. काकांनी मला ते शिकवलं तेव्हा पहिला धडा ताकदीचा नव्हता, अंगठ्याचा होता. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर मोकळा हात सुटून येतो, वळवलेला अंगठा मात्र मोडतो. मग खालून वर एकच ओढ. खाली दाबायचं नाही, आणि गोल गोल फिरवत बसायचं नाही. एकदा गाडी धरली की चोक हळूहळू आत सोडायचा. पॉइंट काळे पडले की घासायचे, फट जुळवायची, प्लग पुसायचे, कार्बोरेटरचं जेट फुंकायचं. ही सगळी डॉक्टरकी बोनट उघडून, उभ्या उभ्या, पाना-पक्कड आणि एका स्क्रू-ड्रायव्हरवर व्हायची.

ही चैन मोडली ती १९७३ च्या तेलसंकटानं. अरबी देशांनी तेल आवळलं, पेट्रोलचे भाव कडाडले आणि खासगी जीपवाल्यांचे डोळे डिझेलकडं वळले. आमच्या घरात इंजिन ‘निवडायची’ पहिली वेळ आली ती तेव्हा. महिंद्राकडं डिझेल इंजिन तयार होतंच, पण ट्रॅक्टरचं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या परवान्यानं बनणारा बी-२७५ ट्रॅक्टर तोवर मराठवाड्याच्या शिवारात रुळला होता. त्याच घराण्यातलं २३५० नावानं ओळखलं जाणारं इंजिन कंपनीनं जीपला बसवलं. ते पाहून गावोगावच्या मिस्त्र्यांनी जुन्या पेट्रोल जीपांमधून हरिकेन काढून हेच डिझेल बसवायचा सपाटा लावला. काकांनीही तेच केलं. पेट्रोलचं इंजिन गेलं, डिझेल आलं आणि आरटीओत जाऊन आरसी बुकात इंधनाचा बदल रीतसर नोंदवून घेतला गेला.

ट्रॅक्टरचं काळीज जीपमध्ये गेल्यानं काय झालं, ते गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक. ओढ अफाट. दुसऱ्या गिअरमध्ये सोडून दिली तरी नांगरटीतून निघून जायची. पण नाक जड झालं. काळ्या मातीत पुढची चाकं आधी रुतायची, स्टिअरिंग वळवायला दंड लागायचे. वेगाचा हिशेब तर कागदावरच मांडता येतो. सीजेच्या अॅक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक. सोळा इंची रिमचा जुना टायर एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. डिझेल इंजिनाला ३२०० फेऱ्यांवर लगाम असेल तर गाडी ताशी ८० पर्यंतच, त्यापुढं नुसता आवाज. पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत फिरायचं, म्हणून तीच गाडी शंभरीकडं झुकायची. त्या काळच्या रस्त्यावर शंभरी गाठायची कुणाला होती? म्हणून हा तोटा कुणाला तोटा वाटला नाही. आज महामार्गावर मागून हॉर्न वाजायला लागले की तो लगेच कळतो.

पुढचा बदल फ्रान्सहून आला. महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी करार करून एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन घेतलं. २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती, आणि फिरायला इतकं मोकळं की ट्रॅक्टरवाल्यांना ते डिझेल वाटेच ना. एमएम ५४० जीप या इंजिनावर चालली, फौजेतही गेली. चालवायला सुंदर. पण हेड अॅल्युमिनियमचं. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, त्यात रेडिएटर गाळानं भरलेला, पंख्याचा पट्टा सैल, आणि चालक काट्याकडं न बघणारा. मग हेड वाकणार नाही तर काय होईल? आमच्याकडं प्यूजोचं नाव खराब झालं ते बहुतेक अशा हयगयीमुळं. ज्यांनी पाणी आणि पट्टा सांभाळला त्यांची इंजिनं पिढी काढून गेली.

तिसरं इंजिन होतं मॅटाडोर व्हॅनचं. बजाज टेम्पो आकुर्डीला मर्सिडीज-बेंझच्या परवान्यानं ओएम ६१६ बनवायची. २.४ लिटर, लोखंडी हेड, आणि निगा राखली तर लाखभर किलोमीटरचं कौतुक नसलेलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही उगाच म्हणत नाही, असं सांगत इथल्या मिस्त्र्यांनी ते जीपमध्ये कोंबलं. अडॅप्टर प्लेट लेथवर करून घ्यायची, माउंटिंग वेल्डिंगनं नवीन बसवायची, संप पुढच्या डिफरन्शिअलला घासतो का ते बघायचं, सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगपासून वळवून न्यायचा. हे सगळं नजरेनं आणि सुतळीनं मोजून. काही गाड्या झकास चालल्या. काहींचा तीन गिअरचा जुना बॉक्स त्या ताकदीपुढं दात गाळून बसला.

नव्वदच्या दशकात काळी-पिवळी आली आणि जीप साहेबाची राहिली नाही, सगळ्यांची झाली. कमांडरमध्ये आत माणसं, मागं लटकलेली माणसं, टपावर पोती आणि कोंबड्या. झरीहून परभणीला दवाखान्यात, कोर्टात, कॉलेजात, फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला, सगळं याच गाडीवर. तिच्या बोनटखाली बहुतेक डीआय इंजिन असे, २५२३ सीसीचं. हे इंजिन नवं वाटतं, पण त्याचा स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार इंच. जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचा स्ट्रोकही चार इंचच. बोअर वाढला, इंधन थेट पिस्टनवर फवारायची पद्धत आली, पण घराणं तेच. पुढं बोलेरोत आणि २०१० च्या थारच्या डीआय अवतारातही हेच कूळ चाललं. झरीच्या शेतात ज्या लोखंडानं नांगर ओढला, त्याच्याच वंशानं पुढं तीस वर्षं माणसं वाहिली.

आता आजचं. पुतण्याला हवं होतं अपघातात गेलेल्या थारचं सीआरडीई इंजिन. २४९८ सीसी, १०५ अश्वशक्ती. मोबाइलवर पाच मिनिटांत त्यानं मला पंजाब-हरियाणातल्या चकाचक जीपा दाखवल्या. डबवालीच्या बाजारात तर जुन्या चेसिसवर हवं ते बसवून मिळतं म्हणे. तिथं निवड करायची ती पैशाची आणि हौसेची. मी त्याला आमच्या मिस्त्री चाचांकडं घेऊन गेलो. चाचांनी आयुष्य ट्रॅक्टरवर काढलं, मधून मधून जीपा केल्या. पुतण्यानं सगळं सांगितलं. चाचांनी हात पुसले आणि एवढंच विचारलं, “बेटा, गाडी चालवायची का दाखवायची?”

पुतण्या म्हणाला, “दोन्ही, चाचा.”

“दोन्ही जमत नसतंय. आधी एक ठरव, मग इंजिनाचं नाव घे.”

चाचा पुढं जे बोलले त्यात सगळा हिशेब होता. सीआरडीई बसेल, चालेलही. पण ते नुसतं इंजिन नाही. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर, सेन्सर, वायरिंगचा अख्खा जुडगा, चावीतली चिप, इंटरकूलर, सगळं यायला हवं. एक सेन्सर रुसला की गाडी उभी, आणि तो कोणता हे स्कॅनर लावल्याशिवाय कळायचं नाही. स्कॅनर परभणीला. शिवाय शंभराच्या पुढची ताकद साठ-सत्तरसाठी बनलेल्या अॅक्सलवर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीवर टाकायची. मग ब्रेक बदला, गिअरबॉक्स बदला, अॅक्सल बदला. “मग जुनं काय राहिलं? बोनट,” चाचा म्हणाले.

मग राहिला परत पेट्रोलवर जायचा मार्ग. ऐकायला गोड. पण हरिकेनचे सुटे भाग शोधायला आता शौकिनांच्या ओळखी लागतात. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं ते हळूहळू खातं, म्हणून बदलून इथेनॉल सोसणारं बसवावं लागतं. आणि खरी अडचण वेगळीच आहे. झरीत आज ट्रॅक्टरचा पंप उतरवणारी पोरं आहेत. पॉइंटची फट जुळवणारं एकही नाही.

पूर्वी आणि आता यांच्यातला सगळ्यात मोठा फरक मात्र कागदाचा आहे. काकांच्या वेळी इंजिन बदललं की आरटीओत एक खेप, एक शिक्का आणि काम संपलं. कित्येकांनी तर तेही केलं नाही. आता मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापलीकडचा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये तेच बजावलं. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर फिटनेस, विमा, पासिंग सगळंच अडतं. दुसरीकडं २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळा नियमच केला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास नंबरवर नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि ती रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

चाचांचा प्रश्न आणि सरकारचा नियम शेवटी एकच निघाला. चालवायची का दाखवायची? आमची जीप वयानं ५० च्या पुढं आहे, पण तिचं हरिकेन काकांनी तेव्हाच काढलं. त्यामुळं ‘व्हीए’चा दरवाजा आमच्यासाठी बंद. त्याबद्दल काकांना बोल लावणं चुकीचं होईल. त्यांना गाडीत कापूस न्यायचा होता, रात्री-अपरात्री बाळंतिणीला परभणीच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. जीप वारसा आहे हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ती कामाची होती, आणि काम चालू राहावं म्हणून तिचं काळीज बदललं.

जुन्याचं सगळंच सोनं होतं असंही नाही. काळी-पिवळीच्या मागं लटकून किती पोरांनी जीव धोक्यात घातले, जुन्या डिझेलचा काळा धूर किती खाल्ला, हे आम्ही विसरलेलो नाही. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो. अशा सकाळी हीटरचं वेटोळं लाल होईपर्यंत वाट पाहायची, सुरू न झाल्यास अर्ध्या गल्लीला धक्का मारायला उठवायचं. आजची गाडी चावी फिरवताच बोलते, आणि पेशंट वेळेवर पोचतो. ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला विचारा, त्याला जुना आवाज नको असतो.

तरी एक गोष्ट गेली, आणि ती परत येणार नाही. तेव्हा बोनट उघडलं की आतलं सगळं दिसायचं, आणि जे दिसायचं ते दुरुस्त करता यायचं. गावातला मिस्त्री गाडीपेक्षा मोठा होता. आता बोनट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण, आणि झाकणाखालचं कळायला कंपनीचा माणूस. गाडी मोठी झाली, मिस्त्री लहान झाला. जुनी जीप उभी करायची हौस आजच्या पोरांना का वाटते, याचं उत्तर मला यात सापडतं. स्वतःच्या हातानं उघडून स्वतःच्या हातानं बंद करता येईल, असं त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही.

आमच्या जीपचा निकाल लागला आहे. तिच्या आरसीवर जे आहे तेच ट्रॅक्टर घराण्याचं डिझेल चाचा पुन्हा बांधताहेत. नवे पिस्टन-रिंग, नवे बेअरिंग, पंप आणि नोझल तपासून, रेडिएटरचा कोर नवा. भाग परभणीत मिळतात, दुरुस्त करणारा झरीत आहे, आणि कागदाला कुठं हात लावावा लागत नाही. शेतात न्यायची, लग्नात मिरवायची, पाऊस पडला की चिखलात घालायची. ताशी ८० च्या पुढं जायचं असेल त्यानं दुसरी गाडी घ्यावी.

ज्यांच्या गोठ्यात, वखारीत, चिंचेखाली अशी उंच बोनटची जीप अजून उभी आहे, त्यांना एकच सांगणं. इंजिन ठरवायच्या आधी आरसी बुक काढा, पहिल्या नोंदणीची तारीख बघा, आणि ब्लॉकवरचा नंबर पुसून आरसीतल्या नंबराशी पडताळा. नंबर जुळला आणि इंजिन मूळचं पेट्रोल निघालं, तर जाम असलं तरी ते काढून फेकू नका आणि किलोवर भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. ते दुरुस्त करून गाडी मूळ रूपात ठेवा, आणि नोंदणीला ५० वर्षं झाली असतील तर ‘व्हीए’ नंबर घ्या. आणि मूळचं इंजिन कधीच गेलं असेल, तर मोबाइलवरच्या जीपा पाहू नका. ज्या इंजिनाचा मिस्त्री तुमच्या गावात आहे आणि ज्याची नोंद तुमच्या आरसीत आहे, तेच बसवा.